लुडियाची पेटी कुणाची

मी, श्रीमती मथुरा दत्ताराम मिठबावकर, वय बावन्न, धंदा शिवणकाम, मूळ गाव मिठबाव, तालुका देवगड, हल्ली मुक्काम उम्म अल हस्सम, बहरीन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर हवी त्याहून जास्त चांगली आहे. पुढच्या महिन्यात मुंबईत माझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे, म्हणून आताच लिहिते. मला मूलबाळ नाही.

१. मिठबावचं घर आणि मागची आंब्याची कलमं माझे दीर गुंडू यांना मिळावीत. "आमचो दत्तू आफ्रिकेत जाऊन पाखरां धरता," असं ते माझ्या यजमानांबद्दल चारचौघांत सांगून हसत. ते मी विसरलेले नाही. तरी घर त्यांच्याच वडिलांचं आहे.

२. दुकानातली दोन्ही मशीनं व कात्र्या माझी जोडीदारीण झोहरा मुकादम हिला द्याव्यात. माझ्या घरी येऊन यजमानांची पतंगांची पेटी बघायला न मागणारी ती एकटीच.

३. दागिने व बँकेतली शिल्लक माझी भाची शेवंती हिला.

४. आता पेटी.

माझे यजमान लग्नाआधीपासून मोंबासाला इलेक्ट्रिशियन होते. तिथे शेजारच्या मराठी कुटुंबातली सुरेखा ही शाळेत जीवशास्त्र शिकवायची. दोघांनी मिळून लुडिया नावाचे आफ्रिकेतले लहान पतंग गोळा करून टाचण्यांनी पेटीत लावले. मोठ्या बादशाही पतंगांच्याच घराण्यातले, पण तळहाताच्या खळग्यात मावतील एवढे. रंग वाळक्या पानाचा, मागच्या पंखावर एक डोळा, पुढच्या पंखावर वेडीवाकडी पारदर्शक खिडकी. एका जातीला ओरिनोप्टेना म्हणायचं, दुसरीला डेलेगोर्गेई. ही नावं यजमान झोपेतही अचूक घेत. मला मात्र हाक मारताना "अगं" म्हणत.

त्र्याहत्तर साली आम्ही बहरीनला आलो. ते सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये लागले. मोंबासाहून सुरेखाबाई कापसात गुंडाळलेले कोश पाठवू लागल्या. आमच्या घरात एसी एकच होता, तो कोशांच्या खोलीत बसला. जूनच्या उकाड्यात मी स्वयंपाकघरात घाम पुसायची आणि शेजारी तिचे कोश गारव्यात झोपलेले असायचे.

त्या दोघांत तसलं काही नव्हतं, हे मी शपथेवर लिहिते. असतं तर भांडता आलं असतं. पतंगांबद्दल बोलणाऱ्या माणसांशी कशावरून भांडायचं?

एक्याऐंशी साली सुरेखाबाई सुट्टीला भारतात जाताना आमच्याकडे उतरल्या. आम्ही मोटारीने झल्लाकच्या समुद्रावर गेलो. बाई पुढे, यजमानांच्या शेजारी. मी मागे, जेवणाचे डबे मांडीवर घेऊन. घरी परतल्यावर यजमानांनी पेटी उघडली.

"वहिनी, ह्या दोघींतला फरक दिसतो का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही मातकट," मी म्हटलं.

दोघं हसले. वाईट हेतूने नव्हे, पण एकाच वेळी हसले. मग यजमानांनी बाईंनीच पाठवलेल्या कोशातून निघालेली एक मादी दाखवली. तिची खिडकी इतर कुणासारखीच नव्हती. "ही नवीन जात निघाली तर तिला तुझं नाव द्यायचं, सुरेखा."

मी सुरमई तळत होते. गॅस बंद केला आणि मोरीत जाऊन हात धूत उभी राहिले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. माझं नाव त्यांनी माझ्या शिवणाच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा लावलं नव्हतं.

चौऱ्याऐंशीत यजमान कावीळ होऊन गेले. हॉस्पिटलात शेवटचं विचारलं ते, "अगं, एसी चालू आहे ना?" मी "हो" म्हटलं. तो खरंच चालू होता. सगळे कोश उघडेपर्यंत मी तो बंद केला नाही. शेवटी एक मादी निघाली. ह्या पतंगांना खायला तोंडच नसतं. ती जाळीला चिकटून नराची वाट बघत बसली. बहरीनमध्ये कुठून यायचा नर? मला तिचाही हेवा वाटला, कारण तिला थोडेच दिवस वाट बघायची होती.

तेराव्यानंतर सुरेखाबाईंचा फोन आला. "वहिनी, पेटी माझ्याकडे पाठवा. अभ्यासाची वस्तू आहे, वाया जाईल."

"वाया माझं काय काय गेलं ते विचारलंत का कधी?"

त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "त्या वेगळ्या खिडकीच्या मादीला तुमचं नाव देऊ, वहिनी. मला नको."

"तुम्ही सोडलेलं मला नको," म्हणून मी फोन ठेवला.

झोहरा म्हणाली, "जाळून टाक, खलास." दोनदा मी पेटी जाळायला गॅलरीत नेली. दोन्ही वेळा परत आणून डांबराच्या गोळ्या बदलल्या. यजमानांचे हात त्या टाचण्यांना लागलेले आहेत.

म्हणून माझी इच्छा अशी. पेटी नैरोबीच्या संग्रहालयाला द्यावी. ती वेगळ्या खिडकीची मादी नवीन जात ठरल्यास तिला दत्ताराम यांचं नाव द्यावं. सुरेखाबाईंचं देऊ नये, माझंही देऊ नये. पेटीखाली एवढंच लिहावं: "दत्ताराम मिठबावकर यांचा संग्रह. देणार, त्यांची पत्नी मथुरा." पत्नी हा शब्द गाळल्यास पेटी परत आणावी.

सुरेखाबाईंना ती बघायची झाल्यास त्यांनी इतरांसारखं तिकीट काढून बघावी. हात लावू नये.

ह्या सर्वाची अंमलबजावणी झोहराचे पती नजीब मुकादम यांनी करावी. वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: मनामा, बहरीन
तारीख: ९ फेब्रुवारी १९८६

सही: मथुरा दत्ताराम मिठबावकर

साक्षीदार:
१. बाळाजी तुकाराम तळवडेकर, ड्रायव्हर (सही)
२. अजरा मुख्तार परकार, क्लार्क (सही)