सात वर्षांच्या मुलांचा कट

प्रिय ठमाबाई,

पत्राची सुरुवात 'इकडे सर्व कुशल' अशी करायची असते, पण ते लिहायला हात धजत नाही. माझ्या वर्गात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, अशी गेला महिनाभर माझी खात्री होती, आणि कट रचणारे होते सात वर्षांचे. हसू नकोस. दुसरीतल्या मुलांइतकं पक्कं गुपित मोठ्यांनाही ठेवता येत नाही.

यंदा वर्गात एक मुलगी आली आहे, तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्याशी सगळ्यांना बोलता यावं म्हणून शाळेने अख्ख्या वर्गालाच खुणांची भाषा शिकवायचं ठरवलं आणि एक तरुण शिक्षिका नेमली. मुलं तिला 'हातवाल्या बाई' म्हणतात. बोलणं कमी, हसणं फार. गोगलगाय अन् पोटात पाय, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कारण पुढच्या वर्षी दुसरीचा वर्ग कुणाला द्यायचा ते बघू, असं मुख्याध्यापिका सहज बोलून गेल्या होत्या. बाबा गेल्यावर मला या वर्गानेच सावरलं, तुला माहीत आहे. तोच काढून घेतला तर मी दिवसभर करू काय? हातवाल्या बाईंचा पहिला तास मी फुगून शिक्षकांच्या खोलीत काढला.

मग वर्ग गप्प व्हायला लागला. दुसरीचा वर्ग गप्प म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. मी फळ्याकडून वळले की हात पटकन बाकाखाली जायचे. लांबून 'बाई, बाई' ओरडणारी पोरं आता समोर येऊन उभी राहत, मी बघेपर्यंत थांबत आणि मग तोंड भलंमोठं उघडून एकेक शब्द बोलत, जणू मी खुळीच आहे. कुणी बाही ओढायचं, कुणी बाकावर थाप मारायचं. एकदा मी गणितं लिहीत असताना दिवा गेला, आला, पुन्हा गेला. बघते तर वर्गाची मॉनिटर बटणापाशी! तिला दाराबाहेर उभी केली. हुंदके देऊन रडली, पण कारण सांगेना. एवढं धाडस तिचं नव्हे, कुणीतरी पढवलेलं, अशी मनात पाल चुकचुकली.

पढवणारी कोण, हे माझ्या लेखी ठरलेलंच होतं. म्हणून मी हेरगिरी सुरू केली. फार आवड असल्यासारखी मागच्या बाकावर बसून खुणा शिकू लागले. मधल्या सुट्टीत वह्या तपासायचं सोंग करून पोरांचे हात बघत बसायचे. त्या भराभर फिरणाऱ्या हातांत मला ओळखता यायची ती 'बाई' ही एकच खूण, पण ती सारखी यायची, आणि पाठोपाठ माझ्याकडे चोरटी नजर. परवा मुख्याध्यापिकांसमोर त्या तरुण बाईला नको नको ते बोलले. तिचे डोळे भरून आले. मला तेही नाटक वाटलं.

काल सुट्टीत त्या ऐकू न येणाऱ्या मुलीलाच गाठलं आणि मोडक्यातोडक्या खुणांनी विचारलं, माझ्याबद्दल काय बोलता? तिने सरळ माझ्या कानाला बोट लावलं आणि 'नाही' अशी मान हलवली. मग एकेक करून दाखवलं: समोर यायचं, तोंड दिसेल असं बोलायचं, बाकावर थाप द्यायची, दिवा लावून-विझवून बोलवायचं. मी चुकवलेल्या त्या पहिल्या तासात तिच्यासाठी शिकवलेले हे नियम पोरांनी आपणहून मलाही लावले होते. मला वाईट वाटू नये म्हणून हे सगळं गुपचूप. मग ती बाकावर सरकली आणि तिने मला शेजारी बसवलं. ठमे, मी त्या एवढ्याशा बाकावर बसून रडले. मॉनिटरची आणि हातवाल्या बाईंची माफी आज मागून झाली. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाते आहे, वर्गाचं पुढे काय ते त्यानंतर ठरेल.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच. रविवारी फोनवर तू किती वेळ बोलत होतीस. मी 'काय? काय?' करत राहिले, आणि शेवटी लाज वाटून म्हणाले, 'वा, छान झालं.' तू तडक फोन ठेवलास आणि त्यानंतर केलाच नाहीस. तू अबोला धरलास म्हणून मीही रुसून बसले होते. बाळा, मला एक शब्दही ऐकू आला नव्हता. काय झालंय गं? लिहून कळव.

तुझीच,
आई