चौसष्ट मिलिमीटर

पपा,

घरी मी तुम्हाला 'तूं' म्हणायचे. लिहायला बसले की 'तुम्ही' येते. आपण बोलायचो कोकणीत, पण वाचायचात तुम्ही मराठी. भट्टी पेटली की चहाबरोबर पेपर उघडायचा आणि आधी खाणींची बातमी शोधायची. म्हणून हे मराठीत. तुम्ही जाऊन सहा वर्षे झाली. इतके दिवस लिहिण्यासारखे काही नव्हते असे मी म्हणणार होते, पण ते खरे नाही. लिहिण्यासारखे होते, निमित्त नव्हते. ते गेल्या पावसाळ्यानंतर मिळाले.

मी पुणे सोडून परत डिचोलीला आले आहे. आता एका कार्यालयात कंत्राटावर आहे. छोट्या धंद्यांना उभे राहायला किंवा वाढायला मदत देणारी एक योजना आहे. अर्ज आला की मी जागेवर जाते, यंत्रे पाहते, वीजजोडणी पाहते, आणि हा माणूस हे काम करू शकेल का यावर एक परिच्छेद लिहिते. त्या परिच्छेदावर पुढचे ठरते. मुळगावात एक बाई काजूच्या बिया फोडते, तिला दुसरे यंत्र हवे होते. डिचोली बाजारात एका शिंप्याला गणवेशांचे काम मिळत होते, पण हात पुरत नव्हते. पेडण्यात मात्र सगळे अर्ज विमानतळाच्या रस्त्याकडे तोंड करून लिहिलेले असतात. डिचोलीचा माणूस खाणी कधी सुरू होतील ते मला विचारतो, पेडण्याचा माणूस हॉटेलवाले स्थानिकांकडून घेतील का ते विचारतो. आवाज दोन्हीकडे सारखाच खाली गेलेला असतो.

अर्जात एक रकाना आहे: पूर्वीचा व्यवसाय बंद पडला असल्यास कारण. डिचोली तालुक्यातल्या अर्जांत तिथे एकच उत्तर येते, खाणी बंद पडल्या. मी ते आता वाचतही नाही. पण पावसाळ्यानंतर एके दिवशी पेडण्याहून आलेल्या एका अर्जात, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिले होते: 'माझी चूक. बसला एक पाटा जास्त घातला.' वर नाव पाहण्याची गरज पडली नाही. सावंतवाडीकडचा तुमचा माणूस, ज्याने आपल्या भट्टीवर एकोणीस वर्षे घण मारला. मी त्याला काका म्हणायचे.

आपले वर्कशॉप मला आता फक्त मापांत आठवते. पंधरा फूट रुंद, पत्र्याचे छप्पर, मध्ये ऐरण, डाव्या हाताला तेलाचे पिंप. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि त्यांची लाल धूळ तेलावर सायीसारखी धरायची. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तुम्ही लाल करून वाकवायचात, तेलात बुडवायचात, आणि एकावर एक रचून मधोमध बोल्ट मारायचात. कंपनीने जितके पाटे दिलेले असतील त्यापेक्षा एक जास्त. हे कोणाला सांगावे लागत नसे. त्या रस्त्यावर प्रत्येक ट्रक नेमापेक्षा जास्त माल भरायचा, आणि स्प्रिंगवाल्याने न विचारता एक पाटा वाढवून द्यायचा ही रीतच होती. विचारले असते तर मालकाला जास्त भरतो असे तोंडाने कबूल करावे लागले असते. तुम्ही त्याला त्या अडचणीत टाकत नव्हता. काका रचायचा, तुम्ही आवळायचात. दोघांचे हात मोजत नसत.

मी दहावीत होते तेव्हाचा एक दिवस आहे. शाळेतून आले आहे, खांद्यावर दप्तर तसेच आहे. एक ट्रकमालक उंडा-पाव आणि भाजी खात बाकावर बसला आहे आणि त्याची स्प्रिंग तयार होऊन जमिनीवर ठेवली आहे. मी टेप काढते, दोन्ही बाजूंच्या कमानीची उंची मोजते आणि मोठ्याने सांगते की एका बाजूला अर्धा इंच कमी आहे. ट्रकमालक हसतो. "तुजें चेडूं इन्स्पेक्टर जालां मरे," तुम्हाला म्हणतो. तुम्ही हसत नाही. तो हात धुवायला मागे गेल्यावर तुम्ही माझ्या हातातून टेप काढून घेता, आवाज न चढवता म्हणता, "गिरायकाफुडें माप काडूं नाका. मागीर सांग." नंतर सांग म्हणालात, तरी मला वाटले, तुम्हाला लाज वाटली. पण तुम्ही त्याला उद्या यायला सांगितलेत आणि ती स्प्रिंग पुन्हा भट्टीत घातलीत. पुढच्या शुक्रवारी म्हापशाहून येताना माझ्यासाठी व्हर्नियर कॅलिपर आणलात, निळ्या डबीत. डबी मेजावर ठेवलीत आणि आंघोळीला गेलात. तो कॅलिपर माझ्याकडे अजून आहे. तुम्ही मला मोजू नको असे कधी म्हणाला नव्हता हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

मग खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या चालू झाल्या, परत बंद झाल्या. गणपतीची चवथ झाली की सुरू होणार, असे दरवर्षी कोणीतरी येऊन सांगायचे आणि तुम्ही कोळसा मागवून ठेवायचात. घरांपुढे ट्रक उभे होते, चाकांतून गवत वर आले होते. मी तोवर इंजिनियर झाले होते, आणि दोन पानांचा एक आराखडा तयार करून तुमच्यापुढे ठेवला. ट्रकची वाट बघू नये. विमानतळाचे काम सुरू झाले आहे, पेडण्यात बस आणि टॅक्सी वाढणार, त्यांना स्प्रिंग लागणार, आणि तालुक्यात हे काम हाताने करणारे दुसरे कोणी नाही. तुम्ही दोन्ही पाने वाचलीत. मग विचारलेत, बस माल किती घेते. मी म्हणाले, माणसे घेते. तुम्ही पानांची घडी घालून ती खिशात ठेवलीत.

पेडण्याचा बसवालाही मीच शोधला. त्याच्या सहा मिनीबस पर्यटकांना फिरवायच्या. त्याने एक बस चाचणीसाठी दिली. मागच्या दोन्ही स्प्रिंग नव्या करायच्या, जमल्या तर बाकीच्या पाच बस आपल्याकडे. त्या आठवड्यात जेवताना तुम्ही म्हणालात, "सा बसी येवंदीत. मागीर हांव लोखंड पळयतां, तूं माणसां पळय." लोखंड तुम्ही बघणार, माणसे मी; तुम्ही मला यापेक्षा मोठे काही कधी दिले नाही, हे मला त्या क्षणी कळत होते. माझ्या बॅगेत पुण्याच्या नोकरीचे पत्र होते. दहा दिवसांत कळवायचे होते. मी आमटी वाढून घेतली.

स्प्रिंग बसवून झाल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तुम्ही आणि काका नळावर हात धूत होता. मी बसखाली वाकले आणि कॅलिपर लावला. पाटे सात हवेत, प्रत्येक आठ मिलिमीटर; छप्पन्न यायला हवे होते. चौसष्ट आले. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही चौसष्ट. मग बोटाने मोजले. आठ. काकाच्या हाताने सवयीने रचले होते आणि तुमच्या हाताने सवयीने आवळले होते. सोडवून परत बसवायला दीड तास पुरला असता, आणि बसवाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. गिऱ्हाईक पुढे नव्हते. तुम्ही टॉवेलला हात पुसत आलात आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलेत, "माप काडलें?"

"काडलें," मी म्हणाले.

तुम्ही मान हलवलीत आणि दिवा बंद केलात.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. बस पाहुण्यांना घेऊन तेरेखोलला गेली. त्या ताठ स्प्रिंगवर दहा टन दगड नीट गेला असता. वीस माणसांना तिने केरीच्या फेरीबोटीपर्यंत उडवत नेले. एका म्हाताऱ्या बाईची कंबर धरली. बसवाला भला माणूस होता, ओरडला नाही. वर्कशॉपमध्ये आला, वाकून पाटे मोजले आणि तुमच्याकडे बघितले. काका पुढे यायला लागला तेव्हा तुम्ही हात आडवा केलात आणि म्हणालात, "चूक म्हजी." बाकीच्या पाच बसचे काम कोल्हापूरला गेले. मी चौथ्या दिवशी पुण्याला होकार कळवला. तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलात, उंड्यांची पिशवी दिलीत आणि म्हणालात, बरे झाले, तिथे मशीन मोजते, हात मोजत नाही. वर्कशॉप आणखी आठ महिने उघडे होते, असे आईने सांगितले. त्यानंतर दोन वर्षांनी तुमचा फोन येणे थांबले आणि आईचा आला.

काकाच्या जागेची पाहणी दुसऱ्या कोणाला द्यावी असे मी वरिष्ठांना सांगायला हवे होते. नियम तसा आहे. मी सांगितले नाही, हेही इथे नोंदवते. विमानतळाच्या रस्त्यापासून आत, पेडण्यात, त्याने भाचीच्या घरामागे पत्र्याची शेड घेतली आहे. ऐरण आपलीच आहे; तुम्ही त्याला दिली होती हे मला ठाऊक नव्हते. त्याचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. मला बघून तो आधी घाबरला, मग स्टूल पुसले. विमानतळ इतका जवळ आला तरी त्याने अजून विमान जवळून पाहिलेले नाही. "विमानाक पाटे आसतत काय गो?" म्हणाला. "आसले तर तेंय करतंय."

मी अर्ज काढला आणि त्या रकान्यावर बोट ठेवले. इथे हे लिहायची गरज नाही, म्हणाले. तो म्हणाला, "बाय, खरा ता लिवलंय." मी समजावले की समिती हे वाचेल आणि बसच्याच कामासाठी मदत मागणाऱ्याने बसचे काम बिघडवले होते एवढेच बघेल. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला की त्या दिवसानंतर मालक आठ महिने रोज त्याच्यासोबत जेवले, पण त्या पाट्याचा विषय काढला नाही. "तुज्या पपान माका एक सबद म्हणूक नाय. ताच माका लागता."

मी तेव्हाच मोजले होते, हे त्या वेळी सांगता आले असते. शेडमध्ये दोघेच होतो, भट्टीचा ब्लोअर बंद होता. मी पेन काढले, ती ओळ खोडली आणि वर लिहिले, 'खाणी बंद पडल्याने.' त्याला सही करायला सांगितले. हे खोटे नाही. खाणी बंद पडल्याच होत्या. त्याने सही केली आणि माझे दोन्ही हात धरले. मी त्याला माफ केले असे त्याला वाटले. ते मी त्याला वाटू दिले.

मदत मंजूर झाली. नवा ब्लोअर आला, तेलाला झाकणाचे पिंप आले. काल मी शेवटच्या तपासणीला गेले होते. त्याला पहिले काम मिळाले आहे, एका टॅक्सीवाल्याची गाडी. तो पाटे रचताना प्रत्येक पाट्यावर तळवा ठेवून मोठ्याने आकडा म्हणतो, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. गिऱ्हाईक समोर उभे होते आणि हसत होते. मग काकाने मला बोलावले. "मोज गो बाय. माज्या हाताचो माका भरवसो नाय."

मी मोजले. पाच हवे होते, पाच होते. "पाच," मी म्हणाले. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, ही मोजते तेव्हा चूक राहत नाही, हिच्या बापाने हिला लहानपणीच माप दिले. मी अहवालात 'काम समाधानकारक' असे लिहिले आणि निघाले. वाटेत धारगळजवळ गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ बसले. रडले नाही.

पुण्याचे पत्र बॅगेत होते म्हणून मी गप्प बसले, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. ते अर्धे आहे. पत्र नसते तरी मी कदाचित गप्पच बसले असते, कारण तुम्ही पहिल्यांदाच विचारले होते, आणि त्याचे उत्तर 'आठ' असे देणे मला जमले नाही. यातले किती कशाचे, हे मला मोजता येत नाही.

मागीर सांग, असे तुम्ही म्हणाला होता. हा कागद मी कॅलिपरच्या निळ्या डबीत घडी करून ठेवते. काकाला अजून सांगितलेले नाही.