लोकप्रिय अध्यक्षांचा ब्लॉक

१ जुलै १९८६, मंगळवार

आजपासून डायरी. कारण एकच. सूड.

परवा सुहृद क्लब, मुलुंड पूर्वची निवडणूक झाली. अध्यक्षपदासाठी दशरथ परुळेकरला बारा मतं, मला सात. दशरथचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. क्लबला वर्षभर खुर्च्या आणि लाउडस्पीकर फुकट देतो, म्हणून निवडून आला. दुसरी काय लायकी आहे त्याची? मला सात मतं पडली, आणि आतापर्यंत अकरा जणांनी रस्त्यात गाठून आईशप्पथ सांगितलंय की आमचं मत तुलाच.

समजूत काढायला मला 'प्रसिद्धी प्रमुख' केलं. क्लबची समाजातली इमेज सुधारायची, पेपरात बातम्या द्यायच्या. मी लगेच हो म्हणालो. त्यांना वाटलं, सहदेव नेरूरकर गार पडला. मूर्ख लेकाचे! तोफ माझ्याच हातात दिलीय.

निश्चय : वर्षभरात मुलुंड पूर्वेतल्या एकाही माणसाला दशरथचा चेहरा ओळखता येता कामा नये.

शेवटच्या पानावर सुडाची यादी सुरू केली. क्र. १ दशरथ.

मिटिंग संपताना सगळ्यांनी उभं राहून क्लबची शपथ घेतली, 'मनात द्वेष न धरता सेवा करीन.' माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

५ जुलै, शनिवार

आबांनी विचारलंच. आबा म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणत काढली, अक्षर एक येत नाही. दर शनिवारी साप्ताहिक 'उपनगर हाक' आला की फोटो तेवढे बघतात. निवडणुकीआधी मीच त्यांना सांगून बसलो होतो की अध्यक्ष होतोय, पेपरात फोटो येणार. त्यांनी फ्रेमसुद्धा आणली. गणपतीच्या शेजारी खिळ्याला लटकतेय, रिकामी. दिवाळीआधी आबा कायमचे गावी जाणार. जाताना फ्रेम भरून न्यायची आणि अख्ख्या वाडीला दाखवायची, हा त्यांचा हट्ट.

आज पेपर उलटसुलट करून म्हणाले, "खंय हा तुझो फोटो?"

म्हटलं, येतोय आबा, प्रोसेसमध्ये आहे.

वनमाला स्वयंपाकघरातून म्हणाली की प्रोसेस दशरथभावजींनाच विचारा, ते मदत करतील. बायकोने शत्रूला भावजी म्हणू नये, असं तिला सांगितलं. तिने भाजीत मीठ जास्त टाकलं. यादी क्र. २ वनमाला.

६ जुलै

क्र. २ खोडलं. इस्त्रीचे कपडे तिच्याकडे आहेत.

२० जुलै, रविवार

गोवंडीला मोफत नेत्रतपासणी शिबिर. मेहुण्याने मस्कतहून पाठवलेला कॅमेरा घेऊन गेलो. झकास काम केलं! दशरथ सहा फुटी. उंच माणसाचं डोकं फ्रेमबाहेर ठेवणं एकदम सोपं, जरासं गुडघ्यात वाकायचं. छत्तीस फोटो काढले. एकातही त्याला मानेच्या वर ठेवलेला नाही. एका आजीबाईंनी विचारलं की या फोटोवाल्या मुलाच्या गुडघ्याला काय झालंय. सेवा करताना असली बोलणी ऐकावी लागतात.

प्रेस नोट चार पानी. माझं नाव नऊ वेळा. अध्यक्षांचं शून्य.

२ ऑगस्ट, शनिवार

'उपनगर हाक'ने माझ्या चार पानांच्या सहा ओळी केल्या. माझं नाव कापलं. आणि वर फोटो कुणाचा? दशरथचा! टाय लावून, दात काढून हसणारा. मी पाठवलेल्या छत्तिसांतला नाहीच. खाली ओळ : 'सुहृद क्लबचे लोकप्रिय अध्यक्ष श्री. दशरथ परुळेकर.'

लोकप्रिय! बारा विरुद्ध सात म्हणजे लोकप्रिय?

आबा म्हणाले, "ह्यो तर खुर्चीवालो."

यादी क्र. २ (रिकामीच होती) : भाऊराव, संपादक, 'उपनगर हाक'. विकला गेलेला माणूस.

२४ ऑगस्ट, रविवार

दिंडोशीला वृक्षारोपण. तारीख मी ठरवली. कारण दशरथला त्याच दिवशी मढला एका शूटिंगला मंडप घालायचा होता, हे मला त्याच्याच तोंडून कळलं होतं. बिचारा स्वतः म्हणाला, तुम्ही करा यार, मी नसलो म्हणून काय अडतंय. हो रे बाबा, काही अडत नाही!

चाळीस रोपं लावली. त्यातलं एक मी. तेच तीनदा लावलं, कारण पहिल्या दोन फोटोंत माझे डोळे मिटले होते. रोप तिसऱ्या वेळी जरा मान टाकून होतं. पण फोटोत मी व्यवस्थित.

३० ऑगस्ट, शनिवार

'अध्यक्षांच्या प्रेरणेने वृक्षारोपण.' फोटो दशरथचा. तोच टाय, तेच दात. अरे, तो मढला होता! मढला! समुद्रापलीकडे बसून झाडं लावतो काय हा माणूस?

आबांनी मागचा पेपर काढून शेजारी धरला. मग विचारलं, "ह्येका एकच शर्ट हा काय रे?"

२ सप्टेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून 'उपनगर हाक'च्या प्रेसवर धडकलो. भाऊरावाला सरळ विचारलं, दशरथने तुला किती खुर्च्या दिल्या? भाऊरावाने हातातलं प्रूफ खाली ठेवलं. म्हणाला, "नेरूरकर, चहा घ्या आणि डोक्यातून राख काढा."

मग त्याने समजावलं. फोटो पेपरात असाच छापता येत नाही. गिरगावात पाठवून त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागतो. लाकडावर ठोकलेला पत्रा असतो, त्यावर चेहरा उलटा कोरलेला. यायला आठ-दहा दिवस जातात. तोपर्यंत बातमी शिळी. दशरथचा ब्लॉक त्याच्या मंडपाच्या जाहिरातीसाठी केलेला होता, तो पडून आहे, म्हणून क्लबची बातमी आली की तोच लावतात.

ब्लॉक एका बिस्किटांच्या डब्यात असतात. प्रत्येकाची कागदाची पुडी, वर नाव. अण्णा कंपोझिटर तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवतोय. चष्म्याच्या काचा बशीएवढ्या जाड. तो पुडीवरचं नाव वाचतो, आत कोण आहे ते बघत नाही.

म्हणजे मामला भ्रष्टाचाराचा नाही, आळसाचा आहे. भाऊरावाला माफ केलं. यादीतून खोडलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दशरथने आबांसाठी आरामखुर्ची पाठवली! आबा संध्याकाळी कंपाउंडच्या कठड्यावर बसतात, ते त्याने पाहिलं म्हणे. डाव स्पष्ट आहे. माझ्या घरात घुसायचं. मी परत पाठवणार होतो, पण आबा तोपर्यंत तिच्यात झोपले होते.

मी त्या खुर्चीला हात लावणार नाही.

२१ सप्टेंबर

घरात कुणी नव्हतं. बसून पाहिली. शत्रूची साधनं माहीत असलेली बरी. दीड तास पाहिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

माझा ब्लॉक तयार! गिरगावात स्वतः जाऊन करून आणला. सूट शेजारच्यांचा. वनमालाने पत्र्यावरचा चेहरा बघून विचारलं की हा कोण आणि याला कावीळ झालीय का. तिला उलटं बघता येत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा. बॉलपेन आहे, त्यानेच लिहितो.

रविवारी स्टेशनबाहेर क्लबच्या पाणपोईचं उद्घाटन झालं. त्याची बातमी द्यायला प्रेसवर गेलो. भाऊराव बाहेर गेलेला, अण्णा चहाला. डबा समोर. माझा ब्लॉक सरळ दिला असता तर भाऊरावाने 'अध्यक्षांचाच लावतो' म्हणून परत केला असता. 'सुहृद, परुळेकर' ही पुडी उघडली, दशरथला काढलं आणि मला आत घातलं. अण्णा सवयीने हीच पुडी काढणार, आणि शनिवारी अख्ख्या मुलुंडला माझा चेहरा दिसणार! रिकामी पुडी सापडली असती तर बोंबाबोंब झाली असती. आता वजन तेवढंच. डोकं लागतं याला.

ब्लॉकच्या खाली खिळ्यांची एक ओळ दोऱ्याने बांधलेली होती. उलटी अक्षरं, वाचत कोण बसतंय. असेल प्रेसचं काहीतरी. तीही जशीच्या तशी परत बांधली, गाठसुद्धा अण्णासारखी मारली.

दशरथला पिशवीत घालून मिठागरांच्या बांधावर गेलो आणि खाडीत फेकला. ओहोटी होती, हे आधी बघायला हवं होतं. चिखलात पडला, आकाशाकडे तोंड करून. हसतोय! पाच दगड मारले, एक लागला. सूड पूर्ण.

आबांची एसटी गुरुवारी २३ला. फ्रेम पुसून ठेवली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आला. फोटो आला. माझा.

खाली ओळ : 'सुहृद क्लबचे लोकप्रिय अध्यक्ष श्री. दशरथ परुळेकर.'

ती खिळ्यांची ओळ. ब्लॉकबरोबर नाव कायमचं जुळवून बांधून ठेवलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं? यादी क्र. ३ अण्णा.

मी पेपर लपवणार तोच आबांनी हिसकावला. आणि मग त्यांना काय झालं देव जाणे, उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "माझो झील! माझो झील पेपरात!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. गिरणी बंद पडली तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता. मग म्हणाले, खाली काय लिहिलंय ते वाच. मी म्हटलं, उजेड कमी आहे.

वनमालाने पेपर घेतला आणि न अडखळता वाचलं, "सुहृद क्लबचे लोकप्रिय अध्यक्ष श्री. सहदेव सीताराम नेरूरकर."

त्यांनी तिला तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा तिने तेच वाचलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

वनमालाने युक्ती काढली. खालची ओळ कात्रीने कापू, फोटो तेवढा फ्रेममध्ये बसवू. आबा भडकले. "कापू नको गो! लोकांका वाचूक होया ना!"

वाडीत शाळेचे गुरुजी आहेत. पहिलं काम काय करतील? मोठ्याने वाचतील. वीस माणसांसमोर. वाट लागली.

बाजारातही तीच गत. भाजीवाला 'या परुळेकर साहेब' म्हणाला. एकाने अडवून सांगितलं की लग्नात तुमच्या मंडपाचा खांब डुगडुगत होता. मी माफी मागितली. का मागितली?

या सगळ्याच्या मुळाशी दशरथ आहे. तो अध्यक्ष झालाच नसता तर?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दारात दशरथ. टेम्पो घेऊन आलेला, आबांना एसटी स्टँडवर सोडायला. आरामखुर्चीही टेम्पोत टाकली, गावी न्या म्हणाला. मग मला बाजूला घेऊन खिशातून एक पाकीट काढलं. आत छापलेली कागदाची बारीक पट्टी : 'सुहृद क्लबचे लोकप्रिय अध्यक्ष श्री. सहदेव सीताराम नेरूरकर.' तोच टाइप, तीच शाई. भाऊरावाकडे बसून अण्णाकडून जुळवून घेतली म्हणे. वनमाला त्याच्याकडे गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"चिकटव रे पटकन. म्हातारा खूश राहू दे, आपल्याला काय," म्हणाला.

खळ माझ्या हाताने लावली. पट्टी दोनदा वाकडी बसली. रागाने.

वाटेत तो म्हणाला, माझा ब्लॉक कुठे गायब झाला कळत नाही यार, भाऊरावाकडे उंदीर फार झालेत. उंदीर लाकूड कसं कुरतडतात हे मी त्याला स्टँड येईपर्यंत समजावून सांगितलं.

एसटी सुटताना आबांनी खिडकीतून फ्रेम उंच धरून दाखवली. मी हात हलवला. दशरथनेही हलवला. त्याचा जास्त उंच जातो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आबांचं कार्ड. अक्षर गुरुजींचं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

'चि. सहदेवास अनेक आशीर्वाद. फोटो सगळ्या वाडीने बघितला. इकडच्या दमट हवेने पट्टी सुटली. गुरुजींनी खालचं नाव पण वाचलं. मी त्यांना म्हटलं, असू दे. चेहरा माझ्या मुलाचा आहे, तेवढा मला वाचता येतो. तो तुला पाकीट देत होता ते मी बघितलं होतं. पट्टी मी परत चिकटवली नाही. ज्या माणसाने आपलं नाव झाकायला दिलं त्याचं नाव झाकून ठेवणं बरं दिसत नाही. त्या परुळेकराला जप. खुर्ची चांगली आहे.'

कार्ड वनमालाला दाखवलं नाही. तिने ते आधीच वाचलेलं होतं.

शेवटचं पान उघडलं. क्र. १ खोडला नाही. पेन चालत नव्हतं.

उद्या ओहोटी सकाळी आहे. खाडीवर जाऊन येईन. याचा कुणी भलता अर्थ काढू नये. पुरावा उघड्यावर पडलाय, तो हलवला पाहिजे, एवढंच. वनमालाने जुनी पँट काढून ठेवलीय. कशाला, ते मी सांगितलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन तास. गुडघाभर चिखल. एक चप्पल गेली. सापडला. नाकावर माझ्या दगडाचा खड्डा. रुमालाने पुसला, तरी जाईना.

तसाच प्रेसवर गेलो. भाऊरावाने ब्लॉक बघितला, माझी पँट बघितली आणि अण्णाला हाक मारली. अण्णाने दशरथला पुडीत घातलं, खाली ती ओळ बांधली. माझा ब्लॉक कागदात गुंडाळून परत दिला. म्हणाला, याच्याखाली लावायला आमच्याकडे ओळ नाही.

घरी आणून टेबलावर ठेवला होता. अंघोळ करून येतो तो जाग्यावर नाही. वनमालाने कपाटाच्या तोकड्या पायाखाली सरकवलाय, चेहरा खाली करून. कपाट आता हलत नाही.