धवल्यातलं एक नाव

२ फेब्रुवारी, सोमवार

आठवडा झाला, जेवणाच्या टेबलावर ऋतुजाचं यंत्र. मी ताट मांडीवर घेऊन जेवते. स्वतःच्या घरात. कंट्रोलर म्हणायचं त्याला: दोन चकत्या, मध्ये आवाज वर-खाली करायचे फेडर, बाकी बटणांचं पुरळ. ऋतुजा भावाची धाकटी. बी.कॉम. होऊन डीजे झाली. थोरल्या पल्लवीची हळद तेराला, जासईला, तिथे वाजवायच्या गाण्यांचा मिक्स बनवतेय. गावच्या घरी पाहुणे, म्हणून खारघरला माझ्या डोक्यावर.

"करवली म्हणून मिरवू की कंट्रोलरमागे उभी राहू, आत्या? आधीच रेकॉर्ड करून ठेवते."

फेडर हलवला की कॉम्प्युटर ती हालचाल लक्षात ठेवतो, स्क्रीनवर तिची रेघ काढतो. पुढच्या वेळी हात न लावता आवाज तसाच चढतो, उतरतो. ऑटोमेशन. रेघ चुकली तर माऊसने ओढून सरळ करायची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला कॉपी म्हणत.

"एडिटिंग म्हणतात आत्या."

असेल.

४ फेब्रुवारी, बुधवार

जासई. धाकलीबायकडे. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी गावातली शेवटची धवलारीण. आमच्यात भटजी नंतर, आधी धवलारीण. पडल्यापासून खाटेवर, मांडवात येणं अशक्य. म्हणून आवाज रेकॉर्ड करून नेणार. हट्ट पल्लवीचा. "आईला बोलवल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही."

धवल्यात आधी देवांना आवतण, मग घरातल्या गेलेल्यांना, नाव घेऊन. वहिनीला, पोरींच्या आईला, जाऊन चार वर्षं. "सुनंदा" म्हणताना म्हातारीचा आवाज फाटला, पण तिने सोडला नाही. पल्लवी ढसाढसा. ऋ. कानावर हेडफोन, डोळे मीटरवर. दगड.

नेमका त्याच वेळी बाहेरून कंटेनरचा ट्रेलर हॉर्न देत गेला. ऋ. म्हणाली, "आजी, मागे हॉर्न आलाय. पुन्हा एकदा गाल?"

"नाय. आवतन यकदाच देवाचा. दोनदा देला त येनाऱ्याचा अपमान हाय."

म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं. संपलं.

मला बोली समजते, तोंडातून निघत नाही. नन्सनी माझा 'हाय' छडीने काढला. त्या वेळी अभिमान वाटला होता. मूर्ख.

७ फेब्रुवारी, शनिवार

हॉर्न काढणं चालू आहे. तेवढाच तुकडा, पुन्हा पुन्हा. सुनंदा. थांब. मागे. सुनंदा. थांब. मागे.

शेवटी ओरडले. "सकाळपासून आईला चाळीस वेळा बोलावलंस आणि चाळीस वेळा परत पाठवलंस! त्या म्हातारीने काय सांगितलं होतं?"

"मग हेडफोन लावते."

"तुझ्या कानांचा प्रश्न नाहीये!"

हेडफोन लावला. मी भाजी निवडत बसले. अर्धी मेथी देठांतच गेली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मिक्स तयार. "ऐक आत्या, एकदाच, बसून." ऐकला. पोरीचा हात चांगला आहे, खोटं का बोलू. ढोल, बेंजो, मग सगळं हळूहळू ओसरतं आणि धाकलीबाय. देव आले. माझे बाबा आले. माझी आजी आली. आणि मग आवाजच नाही. नुसता ढोल. सात-आठ सेकंद. मग म्हातारी परत, पुढच्या ओळीवर.

"सुनंदा कुठाय?"

तिने स्क्रीन पाहिली. "अय्यो. 'राइट', ते हालचाल लिहून घ्यायचं बटण, चालू राहिलं असेल. पुढचं गाणं नीट करत होते, तेव्हा फेडर खाली होता. तोच इथे लिहिला गेला. आवाज आहे आत्या, खाली दाबलाय फक्त."

"मग काढ वर."

"उद्या."

बी.कॉम.च्या परीक्षेतही असंच उद्या होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ऋ. अंघोळीला. मी टेबलाशी. आठ दिवस तिच्या मागे उभी राहून रेघा वाचायला शिकले आहे. राइट चुकून राहिला की रेघ कड्यासारखी सरळ खाली पडते. तसे कडे मिक्समध्ये दोन आहेत, तिनेच दाखवलेले. ही रेघ कडा नाही. हळू उतरते, मध्ये थांबते, जरा वर जाते, मग पूर्ण खाली. यंत्राचा असा धीर सुटत नाही. हा हात आहे.

बाहेर आली तशी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे चुकून?"

केस पुसत राहिली. "नाही."

"सख्ख्या आईला हळदीतून काढलंस?"

"तू एकदा ऐकलंस, रडलीस, घरी आलीस. पल्लवीपण. मी दिवसभर ऐकत होते, तो हॉर्न काढायला. मला नाही जमणार तिथे. सगळ्या गावासमोर हातात हळदीचं ताट घेऊन उभी असेन आणि स्पीकरमधून आई... मी ताट टाकून निघून जाईन. खरंच जाईन."

"आणि पल्लवीला काय सांगशील?"

"सांगेन, रेकॉर्डिंग खराब झालं."

"धाकलीबायचं रेकॉर्डिंग खराब! लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर तुला सांगितलं नाही."

टेबलापासून उठले, तिच्यासाठीही चहा टाकला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस मोजून बोलणं. आज दुपारी म्हणाली, "तेवढ्या तुकड्यावरची रेघ मी पुसलीय. फेडर खालीच राहील. वर करायचा तर हाताने करावा लागेल. उद्या कंट्रोलरजवळ तू बस. मी बघणार नाही."

"म्हणजे पाप माझ्या माथी."

"पुण्य म्हण."

उद्धट.

ती मेंदीला गेल्यावर सराव केला. मोठ्या तोऱ्यात. यात कसला प्रश्न, आई म्हणजे आई, नाव आलंच पाहिजे. आजीचं नाव संपलं, फेडर वर न्यायला लागले, आणि ताट हातात घेतलेली ऋ. डोळ्यांपुढे. हात अडकला. पुन्हा केलं. पुन्हा अडकला. रेकॉर्ड चालू होतं, तेव्हा रेघा उमटल्या. चार वेळा केलं, चारही रेघा मधेच थांबलेल्या. वहिनी असती तर कुणाची बाजू घेतली असती? दोघींचीही नाही. मलाच बोलली असती.

रेघा पुसल्या. पुसणं मला येतं आता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपार. जासई. मांडव लागला. दादा, पोरींचा बाप, उगाच खुर्च्या इकडच्या तिकडे करतोय. कंट्रोलर माझ्यापुढे, लाल कपड्यावर. धवला विसाव्या मिनिटाला.

ऋ. पिवळ्या साडीत, समोर, दहा हातांवर. माझ्याकडे पाठ करून उभी.

पल्लवी आतून बाहेर आली, केसांत अर्धा गजरा. "आत्या, आईचं नाव येईल ना? नीट ऐकू येईल ना?"

म्हटलं, "पाटावर जाऊन बस. उशीर होतोय."

बसली. ढोल सुरू झाला आहे. वही मिटते, दोन्ही हात मोकळे हवेत.