शिडीची सगळ्यात खालची पायरी

टोपँगा, कॅलिफोर्निया
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय विनीताईस,

धाकट्या थॅडचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या मधमाश्या आणि तुझा स्वभाव, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (तिसऱ्याबद्दल माझा फारसा आग्रह नाही.) माझा रक्तदाब एकशे पन्नास आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं कमी करा. मी म्हटलं, त्यापेक्षा मीठ कमी करतो. तू नाताळला पाठवलेला मध मार्चमध्येच संपला. दरवर्षी तुझी एक बरणी आणि तिच्यासोबत ‘तब्येत सांभाळ’ एवढे दोनच शब्द व्हरमाँटहून येतात, आणि दरवर्षी मी त्या वर्षातली माझी सगळी भाषणं बांधून तुला पाठवतो. छप्पन्न वर्षं आपला पत्रव्यवहार हा एवढाच. मागच्या खेपेची बरणी ज्या कागदात गुंडाळलेली होती, तो माझ्याच पाणीपट्टीवरच्या भाषणाचा चौदावा कागद निघाला. म्हणजे निदान चौदाव्या पानापर्यंत तू पोचलीस, असा मी अर्थ काढला आणि समाधान मानलं.

लिहायला बसलो त्याचं कारण आपली तबकडी. ‘द ऑर्चर्ड लॅडर’ची, म्हणजे ‘बागेतली शिडी’ नावाच्या आपल्या गाणाऱ्या चौकडीची पहिली, सहासष्ट सालची. तू, मी, ओपल आणि बिचारा गस, चौघं चार मायक्रोफोनपुढे असे खेटून उभे, की कोणी सकाळी कांदा खाल्लाय हे बाकी तिघांना कळावं. तुला हे सांगायची गरज नाही हे मला कळतं, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही हे तुलाही कळतं. त्या तबकडीतलं शेवटचं गाणं ‘ओहायला नऊ मैल’, आणि त्याचा तो शेवटचा, अकरा सेकंदांचा चौघांचा मिळून लावलेला सूर. सगळ्यात वर ओपल, मग तू, मग गस, आणि तळाशी, जमिनीतून वर यावा तसा, माझा खर्ज. ताई, त्या अकरा सेकंदांवर मी आयुष्य काढलं. शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवला तो त्या आवाजाच्या जोरावर. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा म्हणायची, सरांचा आवाज तबकडीवर आहे बरं का. नगरपरिषदेला सहा वेळा उभा राहिलो, चार वेळा पडलो, पण दर सभेत माझी ओळख हीच : ‘ओहायचा खर्ज!’ आणि दर सभेत मी सांगत आलो, की स्वरमेळ म्हणजे लोकशाही आहे. चार माणसं, चार वेगळे सूर, कोणी कोणाला दाबत नाही, आणि मध्ये कुठलंही यंत्र नाही. लबाडीचा लवलेश नाही!

ही लोकशाही कंपन्यांनी कशी पायदळी तुडवली हे मी तुला वेळोवेळी छापील स्वरूपात कळवलेलंच आहे. चौऱ्याहत्तरच्या आवृत्तीच्या कव्हरवर भलत्याच चार माणसांचा फोटो होता. (त्यातला एक तर मला पुढे बँकेत भेटला. सज्जन होता. लोक अजून सह्या मागतात म्हणाला.) अठ्ठ्याऐंशीच्या आवृत्तीत आपल्या गाण्यांमागे त्यांनी ढोल घातले. तेव्हा मी कंपनीच्या दारात ‘स्वरमेळ ही लोकशाही आहे’ असा फलक घेऊन तीन दिवस उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी आतून एक माणूस आला, त्यानं माझा हात हातात घेतला आणि ‘तुमच्यासारखे चाहते आहेत म्हणून आम्ही आहोत’ म्हणत तीच आवृत्ती मला भेट दिली. दोन हजार तीनच्या, तबकड्यांच्या पेटीसंचात तर गाणी वर्णानुक्रमानं लावली होती! शेवटचं गाणं मध्यात आणि मधलं शेवटी. त्यावर मी अकरा पानी पत्र लिहिलं, त्याला ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं एक ओळीचं उत्तर आलं, आणि त्या ओळीवर मी वाचनालयात दीड तास बोललो.

तर अशा माणसाच्या दारात या जूनमध्ये मारिसोल किंतेरो नावाची बाई आली. वय पस्तीसच्या आसपास, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. बर्बँकमध्ये एका जुन्या धोबीखान्यात तिची छोटी कंपनी आहे. जुन्या तबकड्या मूळ फितींवरून, जशा होत्या तशा, मोनोमध्ये पुन्हा काढते. आपल्या मूळ फिती तिला एका गोदामात सापडल्या, चारही आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर शाबूत. ताई, मी तिला मिठीच मारणार होतो. पण मिठीऐवजी मी तिला योजना दिली. (माझ्या मिठीपेक्षा ती नेहमीच लांबते.) म्हटलं, गावच्या वाचनालयात मी जाहीर व्याख्यान देतो : ‘यंत्राविरुद्ध माणसाचा आवाज’. आणि व्याख्यानाच्या शेवटी तू त्या शेवटच्या सुराची एकेक पट्टी सुटी करून लोकांना ऐकव. दूध का दूध, पानी का पानी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला, पण हे मला तेव्हा कोण सांगणार? मारिसोल सांगणार होती. पहिल्यांदा तिनं फोन केला, म्हणाली, “मिस्टर विकरशॅम, त्या खालच्या पट्टीबद्दल जरा बोलायचं होतं,” तर मी तिला ग्रीक वक्ते तोंडात गारगोट्या धरून सराव का करायचे हे सांगितलं. दुसऱ्यांदा ती घरी आली, मी तिला अठ्ठ्याऐंशीचा फलक दाखवला. तिसऱ्यांदा, व्याख्यानाच्या दहा मिनिटं आधी, ती माझी बाही धरून म्हणाली, “खालची पट्टी नको वाजवूया. माझं ऐका.” मी म्हटलं, “बेटा, सत्याला घाबरायचं नसतं.” ती म्हणाली, “मी तुमच्यासाठी घाबरतेय.” मला वाटलं, गर्दी पाहून पोरगी बावरली.

परवा रविवारी दुपारी तीन वाजता साठ माणसं होती. (वाचनालयाच्या बाई म्हणतात एकेचाळीस. त्या खुर्च्या मोजतात, मी उत्साह मोजतो.) ओपल फ्रेझ्नोहून नातवाच्या गाडीतून आली होती आणि दोन्ही कानांत यंत्रं घालून पहिल्या रांगेत बसली होती. मी सत्तर मिनिटं बोललो. छपाईच्या शोधापासून सुरुवात केली. ढोलांपाशी आलो तेव्हा टाळ्या पडल्या, वर्णानुक्रमापाशी आलो तेव्हा एका गृहस्थानं ‘शेम!’ असं ओरडून मला धीर दिला. शेवटी मी मूठ टेबलावर आपटून म्हणालो, की या अकरा सेकंदांना यंत्राचा स्पर्शही झालेला नाही, आणि झाला असेल तर मी हे व्यासपीठ कायमचं सोडीन. मग मारिसोलनं तिचं ते मोठं फितीचं यंत्र सुरू केलं. ओपलची पट्टी : काचेसारखी. तुझी पट्टी : बायका रुमाल शोधू लागल्या. गसची पट्टी : अधेमधे नाक ओढल्याचा आवाज, पण सूर खरा. मग मी स्वतः हात उंचावून म्हणालो, “आणि आता, पाया!”

पट्टीच्या सुरुवातीला गाणं नव्हतं, बोलणं होतं. खोल विहिरीतून एखादा राक्षस बोलावा तसा संथ, घोगरा आवाज आला : “थॅडला… सांगू… नका… हं.” सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, मीच विनोदानं स्वतःबद्दल बोलतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि मी नम्रपणे मान झुकवली! मारिसोल फीत थांबवून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “थांबलीस का? नीट ऐकू येईल असं कर.” तिनं सुस्कारा टाकला, बटण फिरवून फितीचा वेग वाढवला आणि फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. त्या राक्षसाच्या पोटातून ताई तू बाहेर आलीस. सव्वीस वर्षांची, जशीच्या तशी.

“थॅडला सांगू नका हं. चार तास त्या खोक्यावर उभा राहून ओरडलाय, गळा पार बसलाय त्याचा. त्याला सांगा झकास झालं आणि घरी पाठवा. मी गाते त्याचं.” मागून गस विचारतो, “आणि त्याला कळलं तर?” आणि तू म्हणतेस, “त्याला कसं कळेल? तो ऐकतो कुठं, तो बोलतो.” मग सगळे हसता. मग तू जरा थांबून म्हणतेस, “नाही रे, हसू नका. त्या आवाजाशिवाय पोराकडे दुसरं आहे काय?” आणि मग तू गायला लागतेस, दुप्पट वेगात, दुप्पट वर, एखाद्या चिमणीनं लगबगीनं गावं तसं. मारिसोलनं हळूच वेग मूळ जागी आणला, आणि चिमणी उतरत उतरत माझा खर्ज झाली. (दुप्पट वेगानं भरलेली फीत निम्म्या वेगानं वाजवली की कोणाचाही आवाज असा खोल होतो, हे मला परवा कळलं.)

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो ‘शेम’वाला गृहस्थ बुटाकडे बघत होता. मला तो दिवस लख्ख आठवला. सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध मी स्टुडिओच्या दारात संत्र्यांच्या खोक्यावर चढून चार तास बोललो होतो, आत जाऊन दोनदा गायलो, फाटक्या नगाऱ्यासारखा आवाज आला, आणि तुम्ही सगळे एकजात म्हणालात, “झकास झालं, जा घरी!” मला तेव्हा संशयसुद्धा आला नाही. चांगलं झालं म्हटल्यावर मला कधीच संशय येत नाही. मी ओपलकडे पाहिलं. म्हटलं, “तुला ठाऊक होतं?” ती कानातलं यंत्र नीट बसवत सगळ्यांदेखत म्हणाली, “अरे देवा, मला वाटलं तुला कधीच कळलं असेल! म्हणून तर तू एवढा ओरडतोस!”

व्यासपीठ मी कायमचं सोडलं. (म्हणजे जिन्यावरून उतरलो. पण पुढच्या गुरुवारी ग्रंथालय समितीसमोर बोलायचं आहे, ते आधीच ठरलेलं असल्यामुळे त्याला हे लागू नाही.) मारिसोलनं मला गाडीतून घरी सोडलं. वाटेत मी गप्प होतो. ती दोनदा गाडी बाजूला घेऊन विचारती झाली, “बरं वाटतंय ना तुम्हाला?”

आता यातला अवघड भाग. अडुसष्टच्या मार्चमध्ये मी एका मासिकाला सांगितलं होतं, की शिडीच्या वरच्या पायऱ्या बदलता येतात, सगळ्यात खालची नाही. छापून आलं त्या आठवड्यात तू सामान बांधलंस. मी सगळ्यांना सांगितलं, ताईला टीका सोसत नाही. आणि ताई, तू दारात उभी असताना एक वाक्य बोलली असतीस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू ते बोलली नाहीस. बॅग उचललीस आणि म्हणालीस, “तब्येत सांभाळ.” मी छप्पन्न वर्षं समजत होतो, ते रागानं होतं.

तेव्हा मी ठरवलं आहे, आणि माझा निश्चय तुला माहीत आहेच. नव्या आवृत्तीच्या कव्हरवर सत्यच छापलं जाईल. ‘खर्ज : विनिफ्रेड विकरशॅम’. सत्याला आकार नसतो, सोय नसते, वय नसतं! तू काही करायचं नाहीस, मी फक्त कळवतो आहे. गुडघ्याला ऊब दे. मधमाश्यांना माझा नमस्कार सांग. त्या तरी एकमेकींचं ऐकतात.

तुझा धाकटा,
थॅड

ता. क. सत्याला आकार नसतो असं वर म्हटलं आहे, त्यावरून सुचलं : ते बारीक अक्षरांत छापलं तर चालेल का? आतल्या बाजूला, ध्वनिमुद्रकांच्या नावांखाली? नगरपरिषदेची निवडणूक नोव्हेंबरात आहे, एवढ्याचसाठी विचारतो.

आणखी ता. क. वरचं खोडणार होतो, पण आयुष्यात तुला एकदा तरी न सजवता काही पाठवावं म्हणून राहू दिलं. मारिसोलला आत्ताच फोन केला. पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, तुझं नाव. ती म्हणाली, “शाबास.” मी म्हटलं, “मला उपदेश नको.” ती म्हणाली, “मी फक्त शाबास म्हटलं.”

शेवटचा ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा फोडलं. सोबत एक कागद आहे. नाव छापायला तुझी सही लागते, तीस तारखेच्या आत. पण सहीचा कागद मारिसोल ईमेलनं पाठवणारच होती. त्याला एवढं पत्र लागत नव्हतं. खरं कारण असं, की एकोणीस ऑक्टोबरला तबकडी बाहेर येते, आणि त्या दिवशी वाचनालयात तो शेवटचा सूर जिवंत लावायचं ठरलं आहे. ओपल येते. गसची पट्टी मारिसोल वाजवेल. मी कालपासून रोज सकाळी न्हाणीघरात खालचा सूर लावून पाहतोय, आणि लागत नाही ताई. खरं तर तो कधी लागत होता की नाही, हेच आता मला ठाऊक नाही. मी वरचा एखादा लावीन, किंवा तू सांगशील तर नुसता उभा राहीन, तोंड मिटून. तू ये. मध नको आणूस, विमानात घेऊ देत नाहीत. येताना माझा आवाज तेवढा घेऊन ये.