पालकाची वाटी

१९ मार्च

लाडक्या चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. अक्षर मुंगीएवढं झालंय, तेवढं चालवून घे. हात आताशा ऐकत नाही.

लेक माझी फार काळजी घेते. सकाळी वाटीभर वाफवलेला पालक, मग डाळिंब, काळी द्राक्षं, अक्रोड. तिच्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या उंदरांना असंच काहीबाही खाऊ घालतात आणि फिरत्या दांडीवर चालवतात. पालक खाणारे उशिरा पडतात म्हणे. म्हातारपणी मेंदूला गंज चढतो, या भाज्या-फळं तो लवकर चढू देत नाहीत, असं ती समजावते. मी म्हटलं, "अगं, मी काय खिडकीचा गज आहे?" ती हसली नाही. पूर्वी हसायची.

डॉक्टर म्हणाले होते, खाणं उत्तमच, पण गोळ्या सोडू नका आणि रोज चाला. खाणं आणि गोळ्या तिने लक्षात ठेवल्या. चालणं मात्र मी जिन्यात पडले त्या दिवसापासून बंद. जन्मभर लोकांच्या पोरांना पोहायला शिकवलं मी, भित्र्यांना तर सरळ पाण्यात ढकललं. आता पलंग ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते पलंग.

फोनवर तुला सांगता आलं नाही, कारण फोन लावून देते तीच, आणि शेजारी बसते. कामावर जाताना ती बाहेरून कुलूप लावते, चिमे. हे पत्र गॅलरीकडच्या खिडकीतून शेजारणीच्या हातात देणार आहे.

मागच्या आठवड्यात विचारलं, "तुझे ते उंदीर शेवटी बरे होतात का गं?"

"बरे कुठले, आई. थोडे दिवस जास्त नीट चालतात."

"मग मलाही चालू दे की."

तिने वाटी आपटली. "आणि पडलीस तर? मी तिकडे, तू जिन्यात! कोण उचलणार तुला?" आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडताच तोंडून निघून गेलं, की बाहेरगावची मोठी नोकरी चालून आली होती, ती तिने केव्हाच नाकारली. मला पत्ताही लागू दिला नव्हता. मी तिला जवळ घेतलं. उरलेला पालक निमूट खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप.

तिच्यावर रागावू नकोस, फार घाबरलीय गं ती. मी आरडाओरडा केला तर लोक दार फोडतीलही, पण मग तिला इथे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून गप्प बसते.

तू ये. मला घेऊन जायला नको, इथे राहायला ये, जमेल तितके दिवस. माझा हात धरून मला जिना उतरव. पडले तरी उचलणारं कुणी आहे, हे तिला एकदा दिसू दे. कदाचित त्या नोकरीबद्दल ती पुन्हा विचारून पाहील.

ती गेली तर मला एक दिवसही करमणार नाही. हे मात्र तिच्यापाशी बोलू नकोस.

तुझीच,
ताई