गुणी मुलीच्या मालमत्तेची वाटणी

मी, टेलरची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय (दबाव आणणारी मंडळी आत्ता पुढे दुकानात गुंतली आहेत) हे मृत्युपत्र लिहिते. जाणार आहे ती मी नव्हे. माझ्या नावाने आजवर वावरलेली ‘गुणी मुलगी’ उद्या सकाळी, मामांच्या विमा कार्यालयात रुजू व्हायच्या वेळेला, जाईल. तिला विचारलं तर ती “तुम्ही म्हणाल तसं” म्हणेल, म्हणून वाटणी मीच करते.

पाहुण्यांसमोरचा बारीक आवाज आईला. मुळात तो तिचाच. मला वापरायला दिला होता.

उत्तर सुचत नसताना हसायचं ते हसू धाकट्या भावाला. त्याच्याकडे ते अजिबात नाही आणि लवकरच त्याची मुलाखत आहे.

“आमची पोरगी उलट बोलत नाही” हे वाक्य आत्याला, कायमचं. “शिवणाऱ्या बोटांना चांगलं स्थळ येत नाही” हेही तिचंच, सोबत परत. न वापरलेलं.

प्रश्न पुरा होण्याआधी म्हटलेले सगळे ‘हो’ मामांना. “आमच्या ऑफिसात एक जागा...” एवढंच ते म्हणाले होते, तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत मी हो म्हणून मोकळी!

बाबांना, खुर्चीत बसणारी स्वच्छ बोटांची साहेबीण. माप घेताना ते ती प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात: “हात वर करा. मुलगी ग्रॅज्युएट आहे माझी. आता खाली.”

माझ्यासाठी मी दुकानातलं काम ठेवते. मला कापड बेतायचं आहे, बाह्या बसवायच्या आहेत. शिकलेल्या माणसाने हाताने काम करू नये, असं मला कुठल्याही वर्गात शिकवलेलं नाही.

यावर बाबांचा आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवते. “अगं, मशीनच्या खडखडाटात झोपून मोठी झालीस तू. मग ही आवड तरी तुझी कशावरून? तीही आम्हीच लावलेली!”

मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं: गुणी मुलगी कोणी बघत असेल तेव्हाच गुणी असे. वाकडी लागलेली कॉलर मात्र मी दार लावून, कोणी न सांगता, उसवते आणि पुन्हा लावते.

साक्षीला शेजारच्या नर्सबाई तयार आहेत. दुसरा साक्षीदार मिळेना, कारण वाटा मिळणाऱ्याने साक्ष करायची नसते आणि घरात प्रत्येकाला काही ना काही दिलेलं. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी अर्धी शिवण बाजूला ठेवली आणि ओठांतली टाचणी काढून ते म्हणाले, “ती साहेबीण माझ्या नावावरून खोडून टाक. सही कुठे करू?”

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: रुजू होण्याचा आदला दिवस
सही: थोरली
साक्षीदार: १. शेजारच्या नर्सबाई
२. बाबा (वाटा सोडला)